मुगाएवढी अफू

आमचे अण्णा कर्जतचे वैद्य. औषधात अफू वापरायचे, पण हात फार आखडता. मुगाएवढी गोळी, दिवसाला एक, आणि रोगी आता जाणार असं दिसलं की तीही बंद. "शेवटी माणूस शुद्धीवर हवा, तोंडात देवाचं नाव हवं. गुंगीत गेला तर जन्म फुकट गेला," म्हणायचे. कशेळ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या घशात गाठ झाली, तेव्हा त्याची बायको चार कोस चालत आली. पडवीत डोकं टेकून अफू मागत होती. अण्णांनी दिली नाही. मी तेव्हा माहेरी आलेले, आत तांदूळ निवडत होते. सगळं ऐकलं आणि निवडत राहिले. अण्णांचं चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, खोटं कशाला सांगू!

पुढच्याच वर्षी अण्णांच्या पोटात गाठ उठली. मी सासरहून सेवेला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अफूची डबी माझ्या हातात दिली. "मी मागेन. शिव्या देईन, पाया पडेन. पण शेवटच्या दिवसांत देऊ नकोस. मला राम म्हणत जायचंय," म्हणाले. देवापुढे माझ्याकडून वचन घेतलं. थोरला दादा साक्षीला होता.

आणि मागितलीच की! पोटात पाणी ठरेना, कूस बदलता येईना. "बये, दे गं. एकच मूग दे." मी उठून परसात जायची, विहिरीपर्यंत जायची, पुन्हा आत यायची. कनवटीला लावलेली डबी सारखी टोचायची. कुठल्या अण्णांचं ऐकायचं, सांगा ना? वचन घेणाऱ्या खंबीर अण्णांचं, की समोर तळमळणाऱ्या अण्णांचं? दादा कोपऱ्यात पोथी घेऊन बसलेला. "वचन दिलंयस तू," एवढंच म्हणायचा. असा संताप यायचा मला त्याचा! पोथी कसली वाचतोस मेल्या, जरा पाय तरी दाब त्यांचे!

असे दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तीच कशेळ्याकडची. नवरा गेला होता तिचा. वैद्यबुवा आजारी आहेत असं कळलं म्हणून पदरात थोडी नाचणी बांधून आली होती. अण्णांचं ओरडणं पडवीपर्यंत ऐकू येत होतं. ती दारातच थबकली. मला वाटलं, आता म्हणणार, बरी अद्दल घडली. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं.

"बाय," ती म्हणाली, "आमचा धनी बी असाच वरडत व्हता. वरडताना देवाचं नाव कुठनं यायचं तोंडात? आई गं, आई गं, येवढंच." नाचणी ठेवून ती गेली.

दादा उल्हास नदीवर आंघोळीला गेला होता. मी डबी उघडली. एक मूग नाही, दोन दिले.

अण्णा निजले. दुपारी जागे झाले तेव्हा कपाळावर एक आठी नव्हती. दादा देवळात गेला होता. मी कानाशी वाकून म्हटलं, "अण्णा, राम म्हणा." ते माझ्याकडे बघून हसले. "ताक आहे का गं? मीठ घालून आण." दोन घोट घेतले. "छान झालंय," म्हणाले आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. गाठीने गेले की माझ्या दोन मुगांनी, मला अजून ठाऊक नाही. अजूनही मधूनच हातातलं काम टाकून मी मनात तेच घोळवत बसते.

"शेवटी काय म्हणाले?" दादाने विचारलं.

"राम," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. दादा हमसाहमशी रडला. तेराव्यापर्यंत गावभर झालं, वैद्यबुवांनी अफूला हात लावला नाही, राम म्हणत गेले.

तेराव्याला ती पुन्हा आली. अंगणात पानावर बसली होती, पण भाताला हात लावत नव्हती. मी वरण वाढायला वाकले तशी हळूच म्हणाली, "बाय, तुमच्या बाबांनी अफूबिगर नाव घेतलं म्हनं. माझ्या धन्याला का नाय जमलं गं? तिकडं त्याचं काय वंगाळ झालं असंल का?"

दादा चार हातांवरच उभा होता. म्हटलं, ऐकू दे.

"अण्णांनाही नाही जमलं," मी मोठ्याने म्हणाले. "मी अफू दिली त्यांना. राम नाही म्हणाले. ताक मागितलं."

दादाने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. ती मात्र भात कालवायला लागली.

"मग प्याले का ताक?" तिने विचारलं.

"दोन घोट."

"बरं झालं," ती म्हणाली. "आमच्या धन्याच्या घशाखाली पानी बी उतरत नव्हतं."