काळजातली गाठ

माझं दुखणं कुणाला दिसतच नव्हतं, आणि हळूहळू मला वाटायला लागलं होतं की ते देवालाही दिसत नसावं. जिना चढताना दम लागायचा. डाव्या कुशीवर वळलं की छातीत काहीतरी अडल्यासारखं व्हायचं आणि उठून बसलं की सुटायचं. संध्याकाळी अंग कसकसायचं, ब्लाउज सैल व्हायला लागले होते. मोशीतल्या आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, ईसीजी काढला. रक्त थोडं कमी आहे, बाकी काही नाही म्हणाले. मला बीपी नाही, साखर नाही, वय चाळिशीच्या आसपास. चाकणच्या ज्या कंपनीत मी पॅकिंगला आहे तिथल्या बायका म्हणायच्या, शिफ्ट आणि घर दोन्ही ओढतेस, दमणारच की. आमच्या यांनाही तसंच वाटायचं, आणि त्यांचं काही चुकत होतं असं नाही. नुसत्या "कसंतरी होतंय" या दोन शब्दांवर कोण काय करणार?

परभणीहून लग्न करून इकडे आले तेव्हापासून दर संकष्टीला चिंचवडच्या गणपतीला जायचा माझा नेम आहे. त्या दिवसांत तो मोडला नाही, पण त्यातला जीव गेला होता. रांगेतून पुढे सरकायचं, हात जोडायचे आणि मनातल्या मनात एकच विचारायचं, तू ऐकतोयस का? मग नदीकाठी पायरीवर श्वास खाली बसेपर्यंत थांबायचं. मला उत्तर मिळत नव्हतं. एकदा तिथेच बसल्या बसल्या वाटून गेलं, कदाचित ऐकणारं कुणी नसेलच. त्या विचाराची भीती वाटली नाही, नुसतं रितं वाटलं. भीती वाटली असती तर बरं, असं आता वाटतं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी माझी कंपनीची बस चुकली होती. आमची मुलगी वैष्णवी, तिचा कॉलेजचा डबा भरायला उशीर झाला एवढंच कारण. मी सिटी बसमध्ये चढले. बसायला जागा मिळाली, शेजारी तिशीतली एक बाई होती, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. नाशिक रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. कंडक्टर आला, कुठं जायचं म्हणाला. मला चाकण म्हणायचं होतं. शब्द मनात अगदी स्पष्ट होता, पण तोंडातून भलताच आवाज निघाला. मी पुन्हा प्रयत्न केला. पर्स मांडीवरून घसरली, मी ती घसरताना पाहिली, उजवा हात पुढे करायला गेले आणि हात जागचा हलला नाही. दुखत काहीच नव्हतं. माझा हात माझा उरला नव्हता, इतकंच.

शेजारच्या बाईंनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "ताई, जरा हसून दाखवा." मी हसले असं मला वाटलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मागून कुणी म्हणालं साखर कमी झाली असेल, पाणी पाजा, कुणी कांदा हुंगवायला सांगितलं. त्या बाई उठून उभ्या राहिल्या. पाणी पाजू नका, तोंड वाकडं झालंय, ठसका लागून छातीत जाईल, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, गाडी कडेला घ्या. हा लकवा आहे. माझे वडील आम्ही दिवसभर घरात तेल चोळत ठेवले होते. हिला मी तसं ठेवू देणार नाही."

त्यांनीच रस्ता ओलांडून भोसरीकडे जाणारी एक गाडी थांबवली. मागच्या सीटवर माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा नंबर बघून त्यांनी कंपनीत फोन केला आणि यांना कळवायला सांगितलं. वाटेतला छोटा दवाखाना त्यांनी सोडून दिला, जिथे मेंदूचं स्कॅन होतं तिथेच गाडी नेली. दारातच डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्रास नेमका कधी सुरू झाला. ते सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्यासोबत आलं होतं. आमचे हे येईपर्यंत त्या थांबल्या. त्यांचं नाव सुजाता. त्या दिवशी चाकणला त्या नोकरीच्या मुलाखतीला निघाल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. वेळेत पोचल्यामुळे मांडीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेऊन डॉक्टरांना तो अडथळा ओढून काढता आला. संध्याकाळी माझी उजवी बोटं हलली. वाचा मात्र आली नाही. वैष्णवी समोर उभी होती, मला तिचं नाव माहीत होतं, ते गळ्यापर्यंत यायचं आणि तिथून परत जायचं.

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी यांना बाजूला बोलावलं. काढलेला तुकडा नेहमीच्या गुठळीसारखा गडद लाल नव्हता. भिजलेल्या साबुदाण्यासारखा पांढुरका, बुळबुळीत होता. हे नुसतं रक्त नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुठून आलंय ते शोधायला हवं, आणि शोधायची पहिली जागा म्हणजे हृदय.

हृदयाची सोनोग्राफी करायला एक तरुण डॉक्टर बाई आल्या. छातीवर गार जेल लावलं, यंत्र फिरवायला लागल्या, माझ्याशी काहीबाही बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या. यंत्र तिथेच धरून त्यांनी समोरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझं काळीज मी पहिल्यांदा पाहिलं. डाव्या वरच्या कप्प्यात आवळ्याएवढी एक गाठ बारीक देठावर लोंबत होती. प्रत्येक ठोक्याला ती खाली झडपेच्या दारात उतरायची आणि लगेच वर जायची. पुन्हा खाली, पुन्हा वर. डॉक्टर बाई हळू आवाजात सांगत होत्या, याला मिक्सोमा म्हणतात, ही कॅन्सरची गाठ नाही, पण मऊ असते. हिचे तुकडे सुटतात आणि रक्ताबरोबर वाहत जातात. त्यातलाच एक तुमच्या मेंदूत गेला. आणि तुम्हाला दम लागायचा तो हिच्यामुळेच, ही दार अडवत होती.

मी घाबरायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. किती महिने ती गाठ त्या दारात झुलत होती! मी जिने चढत होते, खोकी उचलत होते, रांगेत उभी राहून देवाला ऐकतोयस का म्हणून विचारत होते, आणि प्रत्येक ठोक्याला ते दार बंद होता होता पुन्हा उघडत होतं. डॉक्टर बाईंनी सांगितलं, काही जणांना ही गाठ कळतच नाही, एखाद्या दिवशी ती दारात अडकते आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. माझी वाचा नेणारा तो तुकडाच मला या पडद्यापर्यंत घेऊन आला होता. ज्याला मी घाला समजत होते तो निरोपही होता.

गाठ काढायला छाती उघडावी लागणार होती, आणि पेच तिथेच होता. हृदयाच्या ऑपरेशनसाठी रक्त खूप पातळ करावं लागतं. मेंदूतली जखम ताजी, तिथे रक्तस्राव झाला तर मी जाणार. थांबावं, तर पुढचा तुकडा कधी सुटेल सांगता येत नाही. डॉक्टरांनी आपसात चर्चा केली. मेंदूतली जखम लहान राहिली आहे, म्हणून लवकर करावं, असं बहुतेकांचं मत पडलं, पण धोका त्यांनी लपवला नाही. यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? करायचं?"

मला हो म्हणायचं होतं. तोंडातून भलताच शब्द फुटला, "नाही." मी मान हलवली, तीही उलटीच हलली. पुन्हा म्हणाले, "नाही, नाही," आणि रडायला लागले. त्यांना वाटलं मी नकार देतेय. ते माझ्या मनाविरुद्ध काही करणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. आपल्याच तोंडानं आपल्या विरुद्ध साक्ष द्यावी, आणि ते आपल्याला ऐकू यावं, यासारखी कोंडी नाही.

त्या संध्याकाळी भेटीच्या वेळेत कुसुमआक्का आल्या. मोशी गावठाणातल्या जुन्या घरातल्या, आमच्या भजनी मंडळाच्या त्या कर्त्या. यांनी बाहेरच त्यांना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे त्या काही विचारत बसल्या नाहीत. स्टुलावर टेकल्या, माझा हात हातात घेतला आणि आरतीची वेळ झाली होती म्हणून अगदी खालच्या आवाजात गणपतीची आरती म्हणायला लागल्या. पहिली ओळ त्यांनी म्हटली. दुसऱ्या ओळीला मला दोन आवाज ऐकू आले. दुसरा माझा होता.

मी गात होते. एकही शब्द अडखळला नाही. जी जीभ लेकीचं नाव घेऊ शकत नव्हती तिच्यावरून कडव्यामागून कडवं सरळ उतरत होतं. दारात यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला, औषध द्यायला आलेली सिस्टर भिंतीला टेकून उभी राहिली. आरती संपली, आक्का थांबल्या, पण चाल माझ्या तोंडात चालूच होती. शब्द संपले होते, नुसता सूर होता, आणि त्या सुरावर माझा स्वतःचा एक शब्द आला. "करा." मग पुन्हा, त्याच चालीत, "करा, करा."

आक्का यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "न्हाई न्हाई म्हणत हुती ती ऐकू नगा. व्हय म्हणतीय पोर."

मेंदूच्या डॉक्टरांना सकाळी हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. बोलण्याची जागा दुखावली तरी गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूनंही येतं, असे पेशंट आम्ही पाहतो, असं म्हणाले. ते खरंच असणार. मला त्यात काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. दुसरी वाट होती, आणि गरज पडली त्या संध्याकाळी कुणीतरी येऊन मला त्या वाटेवर उभं केलं. मी एवढंच सांगू शकते.

ऑपरेशनच्या दिवशी ट्रॉलीवरून नेताना मी नामस्मरण करायचा प्रयत्न केला. गाण्यातलं आलं होतं, पण एकटीनं आडवं पडून, छतावरचे दिवे मागे सरकताना, काहीच येईना. सूरही सापडेना. मी झटत राहिले, आणि मग दमून सोडून दिलं. मनात आलं, मला तुझं नाव घेता येत नाहीये, आता तूच माझं नाव घे. इतकी वर्षं हात जोडत आले, पण माझ्याकडे काहीही नसताना जोडलेले ते पहिलेच हात. त्यानंतर मला फार शांत वाटलं. दार उघडलं, गार हवा लागली, पुढचं आठवत नाही.

गाठ देठासकट निघाली. मेंदूला काही झालं नाही. शुद्धीवर आल्यावर समोर वैष्णवी होती, आणि तिच्या नावातलं पहिलं अक्षर मला म्हणता आलं. बाकीचं नाव यायला पुढे बरेच आठवडे लागले, आणि अजूनही दमले की मी भाजीचं नाव विसरते, बोटानं दाखवते.

वॉर्डात हलवल्यावर सुजाता भेटायला आल्या. संत तुकाराम नगरमध्ये आईसोबत राहतात, त्या आईंनाही घेऊन आल्या होत्या. मुलाखत हुकल्याचं त्या वेळी बोलता बोलता आईंच्या तोंडून निघालं, सुजाता त्यांना गप्प करायला बघत होत्या. आमचे हे हात जोडून म्हणाले, देवानंच तुम्हाला त्या बसमध्ये बसवलं. सुजाता हसल्या. "आम्ही बौद्ध आहोत, दादा. देव काही मी मानत नाही. ताईंचा हात पडलेला बघितला आणि माझे बाबा दिसले. मग बसून राहवेना." त्यांच्या म्हणण्यात माझ्या श्रद्धेला धक्का लागावा असं काहीच नव्हतं. त्यांच्या बोलण्यातल्या त्या "राहवेना"पुढे मला नमस्कार करावासा वाटला. पुढे त्यांना दुसरीकडे नोकरी लागली, आता रविवारी कधीमधी घरी येतात.

टाके सुकल्यावर तपासणीला गेले तेव्हा सर्जननी मला चित्र काढून सगळं समजावलं. हृदय उघडायचं म्हणजे ते आधी थांबवावं लागतं. तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम बाहेरचं यंत्र करतं. मी चाचरत विचारलं, म्हणजे माझं हृदय बंद होतं? "हो, पूर्ण," ते म्हणाले, "काम झाल्यावर रक्त सोडलं, आणि ते आपलं आपण सुरू झालं. बहुतेक वेळा होतं. पण तो पहिला ठोका पडेपर्यंत आम्हीसुद्धा श्वास धरून बघत असतो."

घरी येताना, माझं हृदय बंद होतं तो वेळ मनात फिरत राहिला. त्या वेळात मी प्रार्थना करत नव्हते, विश्वास ठेवत नव्हते, शंकाही घेत नव्हते. मी काहीच नव्हते. कितीतरी अनोळखी हातांनी मला धरून ठेवलं होतं, आणि त्या हातांच्याही पलीकडे, ज्याची ते हातसुद्धा वाट बघत थांबले होते, ते आलं. शरण जाणं म्हणजे मी काहीतरी करायचं असतं असं मला वाटायचं. आता वाटतं, आपण कायमच कुणाच्यातरी स्वाधीन असतो, ते कळायला मात्र वेळ लागतो.

सकाळी चहा उकळेपर्यंत मी ओट्याशी उभी असते. छातीवरच्या वणावर तळहात ठेवते. आत ठोका पडतो, मग दुसरा पडतो. त्यातला एकही मी पाडत नाही.