किरीटभाईंची दुपार

राजकोटमध्ये दुपारी एक ते चार कुणी मरतही नाही, असं माझे सासरे म्हणायचे. दुकानांची शटरं खाली येतात, फोन पालथे पडतात आणि सगळं शहर ताक पिऊन आडवं होतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले किरीटभाई भालोडिया बावीस वर्षं एका बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासतात, आणि बावीस वर्षं रोज दुपारी घरी जेवून गॅलरीतल्या झोपाळ्यावर झोपतात. माणूस अबोल. त्यांच्या वाटचंही त्यांची बायको, रसीलाबेन, बोलतात.

जूनमध्ये त्यांना जर्मनीला जावं लागलं. तिथल्या गिऱ्हाइकानं कारखान्याचा माल नापास केला होता आणि कुणीतरी जाऊन समोरासमोर शिव्या खाणं भाग होतं. तिन्ही मॅनेजरांची कंबर नेमकी त्याच आठवड्यात धरली. मालक वल्लभशेठ म्हणाले, "किरीटला पाठवा. तो उलटून बोलत नाही."

सहा दिवसांनी ते परतले तेव्हा अर्ध्याने उतरले होते. पण त्यांच्याआधी गिऱ्हाइकाचं पत्र येऊन पोचलं होतं. माल बदलून द्या, व्यवहार चालू ठेवू. तुमच्या माणसाइतक्या शांतपणे आमचं म्हणणं आजवर कुणी ऐकून घेतलं नाही. यापुढे दर तीन महिन्यांनी त्यालाच पाठवा.

शेठनी पत्र फोनवरून रसीलाबेनना वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत ते तीन मजल्यांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली, आणि आली ती दुपारीच. कारण किरीटभाई तेव्हा हमखास घरी असत. दुसऱ्याची झोप मोडू नये हा नियम परदेशातून आलेल्या माणसाला लागू नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं.

"काय किरीटभाई, गोऱ्यांना गार केलंत म्हणे!" वरच्या मजल्यावरचे जेंतीभाई चपला काढता काढता म्हणाले.

"काही नाही हो," किरीटभाई जांभई गिळत म्हणाले.

"बघा, कसा विनय!" रसीलाबेन म्हणाल्या. "चाळीस मिनिटं तो माणूस टेबल बडवत होता. यांनी पापणी हलवली नाही. माझ्यावर प्रयोग करून करून तयार झालेत."

"मिटलेली पापणी कशी हलणार?" किरीटभाई पुटपुटले. जेंतीभाईंनी ते ऐकलं नाही. ते तिथल्या संडासांबद्दल विचारत होते.

अशा चार दुपारी गेल्या. पाचव्या दुपारी मी कोथिंबीर मागायला गेले, तर बायकोला ते हात जोडून सांगत होते, "अगं, मी झोपलो होतो."

"कधी?"

"तिथं. मीटिंगमध्ये. त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपला दुपारचा एक. तो साहेब ओरडत होता आणि शेजारी एक मुलगी हळू आवाजात त्याचं इंग्रजी करून सांगत होती. तिच्या आवाजानं डोळा लागला. जाग आली तर तो साहेब माझा हात हातात घेऊन उभा!"

रसीलाबेननी आधी माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. "हळू बोला. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. पुढच्या वेळी पकडलो गेलो तर नोकरी जाईल. मी शेठना खरं सांगतो."

"म्हणजे आजच घालवायची?"

किरीटभाई झोपाळ्याची कडी धरून बसले. "बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून माल तपासला," ते म्हणाले, "कुणी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. चाळीस मिनिटं झोपलो, तर पत्र आलं. आयुष्यात नक्की काय करायचं होतं तेच कळेना."

मी कोथिंबीर घेतली.

शनिवारी ते गेले. कारखान्यात भिंतींना कान म्हणून शेठच्या बंगल्यावर, आणि शेठ नक्की घरी सापडतील म्हणून दुपारी दीड वाजता! झोपमोडीनं माणसाची बुद्धी कशी फिरते ते बघा. दार शेठाणींनी उघडलं; सगळा कारखाना त्यांना बा म्हणतो.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कुणी नाही, बा. शेठना भेटायचं होतं."

"कुणी गेलं नाही, आणि दीड वाजता आलास? चारपर्यंत बस तिथं. आवाज करू नकोस."

ओट्यावर झोपाळा होता. वर कडुलिंब. किरीटभाई पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन बसले.

चार वाजता वल्लभशेठ चहाची बशी घेऊन बाहेर आले. किरीट आलाय म्हणताना भट्टीच्या माणसानं कसा घोटाळा केला ते सांगू लागले. पुढचं मागचं सगळं सांगून झालं. चहा संपला. असं ऐकून घेणारा माणूस मिळाल्याचं त्यांना इतकं बरं वाटत होतं, की समोरून हुंकारसुद्धा येत नाही हे फार उशिरा लक्षात आलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं.

"किरीट!"

किरीटभाई दचकून उठले आणि चपला न घालताच उभे राहिले.

"तिथंही असाच बसला होतास?"

"हो शेठ. तेच सांगायला आलो होतो."

"घोरला नाहीस?"

"बसून झोपलो की घोरत नाही. रसीलाला विचारा."

शेठनी रिकामी बशी ओट्यावर ठेवली. किरीटभाईंनी मनातल्या मनात राजीनाम्याची दुसरी ओळही लिहून टाकली.

"मग यात तुझं काय कौतुक?" शेठ म्हणाले. "साठ वर्षं मी दुपारचा झोपतोय. भर लग्नाच्या मांडवात बसून झोपलोय. विचार तुझ्या बांना. एवढ्यासाठी पगारी माणूस कशाला? पुढच्या वेळी मी जातो."

"शेठ, मी... कामावर यायचं ना?"

"नाही तर माल कोण तपासणार? मी का?"

बातमी सोमवारी फुटली. शेठ स्वतः जर्मनीला निघाले म्हटल्यावर लोकांचा मोर्चा शेठच्या बंगल्याकडे वळला, अर्थात पाच वाजल्यानंतर. आमच्या मजल्यावर त्या दुपारी कुणी फिरकलं नाही. किरीटभाई आमरस जेवले आणि झोपाळ्यावर आडवे झाले ते लगेच घोरू लागले.

रसीलाबेननी पाहुण्यांसाठी आणलेला गाठियांचा पुडा मांडीवर घेतला होता. दार सताड उघडं होतं. एक, दोन, अडीच झाले. जिन्यात पावलं वाजली तशा त्या पदर सारखा करून उठल्या. कुरिअरवाला वर निघून गेला.

"घोरतायत बघा," त्या मला म्हणाल्या, "जसे काही कधी कुठं गेलेच नव्हते." आणि पुडा फोडून त्यांनी मला गाठिया दिले.