शेंगदाण्यांचा चौरस

गणितात एम.एस्सी. केलेल्या मुलीला पाहायला येणारे लोक तिच्याशी गणिताबद्दल चकार शब्द काढत नाहीत, हे मला दोन स्थळांनंतर कळलं होतं. दोघांनीही रंगावरून नकार कळवला. तिसरं स्थळ अकोल्याच्या जठारपेठेतलं, मुलगा इंजिनियर. आमच्या अमरावतीच्या घरात टेकल्या टेकल्या त्याची आत्या म्हणाली, "फोटोत उजळ दिसत होती." आई कसनुसं हसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, या खेपेला पारखायचं काम मीही करणार.

आम्हा दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं. समोर चिवड्याची प्लेट होती. मी त्यातले शेंगदाणे वेचले. टेबलाच्या कोपऱ्यात एक ठेवला, त्याला दोन बाजूंनी लागून तीन, मग त्यांना तसेच लागून पाच. दर वेळी पुढची विषम संख्या लावली की पूर्ण चौरस होतो. शाळेत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं, इतकं ते सुंदर वाटलं होतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला. "चांगलं आहे. पण सुंदर नाही म्हणत मी. तीन-चार फेऱ्या दिसून राहिल्या. हजाराव्या फेरीले शेंगदाणे कोण आणते?"

मग त्यानं पेपर नॅपकिनवर बीजगणित मांडलं. कुठलाही चौरस घ्या, पुढची विषम संख्या मिळवा, पुढचा चौरस येणारच. दोन ओळींत संपलं. यातून एकही चौरस सुटत नाही, सौंदर्य ते हेच, असं त्याचं म्हणणं.

"ही नुसती पावती झाली," मी म्हणाले. "पटतं, पण दिसत काहीच नाही."

"पावती असली म्हणजे भांडण मिटते."

"मिटलं कुठं?"

माझा आवाज चढला, मग त्याचाही. बाहेरच्या गप्पा थांबल्या. चहा अर्धा टाकून आत्या उठली आणि पाहुणे अकोल्याला निघाले.

आई कपाळाला हात लावून बसली. "काहून भांडली त्याच्याशी? आदीचे दोघं तुले पाहत तरी होते. मी दारातून पाहिलं ना, यानं तर तुयाकडं मान वर करून पाहिलं नाही. शेंगदाण्याकडंच पाहून राहिला होता."

"म्हणूनच," मी म्हणाले. "आपल्याकडून हो कळव."