तीन सेकंदांची ओळ

बालाजी गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. तेवत्या दिव्याचं चित्र, खाली 'संस्थेचा आधारस्तंभ हरपला', पाठवणारे आमचे संचालक. याच स्तंभाला त्यांनी वर्षभरापूर्वी नारळ दिला होता. मग तो नांदेड सोडून लातूरला क्लासमध्ये शिकवायला लागला... आणि एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो, नंतर एका नोकरीत. कुठल्या रक्तपेढीत कोणतं रक्त आहे, हे नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या दवाखान्यांना सांगणारा सर्व्हर त्याने लिहिला. त्यात चाळीस थ्रेड, म्हणजे चौकश्या घेणारे चाळीस कामगार समजा. प्रत्येकाने रक्तपेढीच्या यंत्राला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. तीन सेकंदांत आलं नाही, तर 'उत्तर नाही, फोन करा' असं लाल अक्षरांत सांगून मोकळं व्हायचं. ही मर्यादा प्रोग्रामच्या एका ओळीत होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, रंगीत तालमीत, नेमकी ती लाल अक्षरं उमटली.

"पाहुण्यांपुढं इज्जत जाईल," संचालक म्हणाले. "हे लाल काढा. स्क्रीनवर चक्र फिरू द्या, काम चालू हाय असं वाटतं."

"साहेब, स्टँडवर चाळीस खिडक्या हायत समजा," बालाजी म्हणाला. "सगळ्यांनी उदगीरला फोन लावला अन् तिकडचा माणूस जेवायला गेला. चाळीसही जण फोन कानाला लावून बसतील. मागं रांग वाढून राहील. मी न्हाई काढणार."

ओळ निघाली. कॉम्प्युटरला फीत बांधली, कापली, शाली वाटल्या. चक्र फार सुंदर फिरलं.

काही महिन्यांनी एका रक्तपेढीचं यंत्र सकाळी मुकं झालं. पार बंद पडलं असतं तर बरं होतं, लगेच कळलं तरी असतं. ते नुसतं उत्तर देईना. त्याला विचारणारा एकेक थ्रेड अडकत गेला आणि दहा वाजेपर्यंत चाळीसही अडकले; मग कुठल्याच रक्तपेढीचं उत्तर मिळेना. कंधारच्या दवाखान्यातल्या नर्सबाई मला म्हणाल्या, "सर, चक्र फिरून राहिलं म्हणून थांबलो. न्हाई तर सरळ फोनच लावला असता." त्यांच्याकडची बाळंतीण कशीबशी वाचली. अहवालात कारण आलं : कालमर्यादा घालण्यात प्रोग्रामरचा निष्काळजीपणा. खाली बालाजीचं नाव.

नोकरी गेल्यावर निघताना तो मला एवढंच म्हणाला, "पोरगी विचारून राहिली, बाबा, तुम्ही विसरलात का? काय सांगू?"

शोकसभेत संचालक म्हणाले, बालाजीराव काळाच्या पुढे होते. सभेनंतर मी त्यांना अहवाल दुरुस्त करा म्हणालो. "माणूस गेला. आता कशाला उकरून राहिलात?" हार बालाजीच्या फोटोला, आणि ठपकाही त्याच्याच नावावर.

म्हणून दुरुस्ती इथे करतो. तो विसरला नव्हता. त्याने नकार दिल्यावर ती ओळ मी काढली. चौकशीत मला कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

अहवालानंतरही ती ओळ कुणी परत घातली नव्हती; मागच्या आठवड्यात मी घातली आणि लातूरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या टेबलाशी मुलगी अभ्यास करत होती. सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"काका, मग तवाच का न्हाई बोललात?"

ती उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती...