पोट सुटलेला बांध

डोंगरावरचे सगळे तिला आत्या म्हणत, तिच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. लग्न होऊन गेली, दोन वर्षांत परत आली आणि उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे बांध बापाच्या हाताखाली रचायला शिकली. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, आणि पाणी झिरपायला मधे फटी. बायकांचं काम नव्हे म्हणून भाऊ हसले. त्याच भावांची शेतं आज तिच्या बांधांवर उभी आहेत.

गेल्या वर्षी वारसा खात्याची माणसं आली. बांध हजार वर्षांचे आहेत म्हणाली आणि तिच्या शेताच्या कडेला पाटी ठोकून गेली: एकही दगड हलवल्यास कैद. आत्याला आनंदच झाला. बापजाद्यांच्या राबण्याला कुणीतरी किंमत दिली होती. पण यंदा त्याच बांधाला पोट सुटलं, मधोमध फुगून तो बाहेर आला. आतला भराव गाळाने तुंबला, पाणी बाहेर पडेना. पाऊस तोंडावर आला होता. बांध उकलून पुन्हा रचला नाही, तर मातीसकट तिचं शेत दरीत जाणार होतं.

तिने तीन अर्ज केले. उत्तर एकच: समिती पाहील. समितीची वाट पाहत बांध थोडाच थांबणार होता! सोमवारी सकाळी, सगळ्यांदेखत, आत्याने पहार घातली आणि वरचा दगड काढला.

खात्याचे साहेब धापा टाकत आले. मागोमाग उत्खनन करणाऱ्या बाई.

"आत्या, हात लावू नका!" साहेब ओरडले. "हजार वर्षं कुणी धक्का लावलेला नाही याला."

"कोण म्हणतं?"

"पाटीवर लिहिलंय!"

"पाटी तुम्हीच लिहिलीत ना?"

आत्या थांबली नाही. मोठे दगड एकीकडे, भरावाचे एकीकडे. दुपारपर्यंत बांधाचं पोट उघडं पडलं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि छोट्या थापीने माती खरवडू लागल्या. काळी माती, तिच्यापुढे तांबडी, मग मुरूम, असे थरामागून थर. दर थराची रचणी वेगळ्या हाताची.

"साहेब, हा बांध सात वेळा पाडून रचलाय."

साहेबांनी घाम पुसला. "तरी कायदा तो कायदा. तक्रार लिहावीच लागेल मला."

"लिहा की," आत्या म्हणाली. "पण ओळीने लिहा. आधी त्या सातांना धरून आणा, मग आठवी मी आहेच. आणि तोवर तुम्ही उभे आहात तिथून जरा बाजूला व्हा, मला पायाचा दगड बसवायचाय."