इंजिन का तापलं

पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये वीस वर्षं पंप दुरुस्त केल्यावर मगनदादा आता तापीकाठी बोटींची जुनी इंजिनं दुरुस्त करतात. कामाला चोख, पण तोंड भारी तिखट.

परवा धर्मेंद्रच्या बोटीचं इंजिन पुन्हा तापलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागच्या भोकातून पडेना, म्हणून त्याने पंपातली रबरी चक्री दोनदा बदलून पाहिली होती.

"अक्कल गहाण ठेवलीस का? आधी पाणी आत शिरतंय का ते बघ की!" दादा खेकसले. त्यांनी इंजिन वर उचललं आणि खालच्या जाळीत अडकलेला लाल नायलॉनचा बोळा चिमट्याने ओढून काढला. चुंदडी होती, देवीला वाहायची ओढणी. तापीमातेच्या वाढदिवशी लोक नदीत सोडतात, तसली.

"आई म्हणायचं आणि तिच्याच नरड्यात नायलॉन कोंबायचं! कोण हा नालायक?"

बोळा उलगडला. काठाला हिरवी लेस होती, दादांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, हाताने शिवलेली.

धर्मेंद्र खाली बघत म्हणाला, "दादा, माझ्याच बोटीतून वाहिली होती तुम्ही."

दादा चुंदडी पिळत कडाडले, "मग तेव्हाच माझा हात का नाही धरलास?"