वैशाली वहिनींचा भाडेकरू

माझी बायको गेली, तिलाही हे माहीत नव्हतं. मुलाला माहीत नाही. रियाधमधल्या ज्या मंडळींनी मला वर्षानुवर्षं ‘सर’ म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. धैर्य वगैरे समजू नका.

मी बँकेतला माणूस. एक महागडी दुर्बीण, काही जाड पुस्तकं आणि मोठा आवाज — एवढ्या भांडवलावर मी इथल्या मराठी लोकांचा आकाशतज्ज्ञ झालो. गुरुवारी संध्याकाळी गाड्या काढून वाळवंटात जायचं, सतरंज्या पसरायच्या, डबे उघडायचे, आणि मी बोलायचं. गुरू कुठला नि शुक्र कुठला हे न कळणारे इंजिनिअर माना डोलवायचे. आणि मला ते आवडायचं. काय माणूस असेल, ज्याला असल्या माना पुरतात?

आमच्या ग्रुपचा एक नियम होता. कुणाच्या फोटोत काही नवीन दिसलं, तर आधी सरांना दाखवायचं. सर ‘हो’ म्हणाले तरच बाहेर कळवायचं. उगाच हसं नको म्हणून. नियम कुणी केला? मीच. पूर्वी इथे कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, सहीशिवाय माणूस देशाबाहेर जाऊ शकत नसे, तसा माझ्या होकाराशिवाय कुणाचा तारा ग्रुपबाहेर जात नसे. आकाशाचा कफील! लिहितानाही स्वतःची किळस येते.

वैशाली वहिनी सांगलीच्या. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आणि इथे नवऱ्याच्या इकाम्यावर, त्याच्या निवास परवान्यावर, आश्रित — म्हणजे घर आणि मुलीची शाळा. नवरा अजय आयटीत. त्याचा टाकून दिलेला कॅमेरा एका लहानशा दुर्बिणीला जोडून त्या दर आठवड्याला त्याच त्या दीर्घिकांचे फोटो काढायच्या. कंटाळा नाही का येत, असं मी एकदा विचारलं — कुत्सितपणेच.

“सर, शेजाऱ्यांकडे रोज बघत राहिलं की नवा भाडेकरू आलेला लगेच कळतो,” त्या म्हणाल्या.

एका शुक्रवारी सकाळी त्यांचे दोन फोटो आले. खाली लिहिलं होतं : ‘सर, भाडेकरू आलाय बहुतेक. बघता का?’

दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका होता. कॅमेऱ्याचा एखादा बिंदू तापला की फोटोत असा खोटा ठिपका उमटतो. पण मग दुर्बीण जराशी हलली तरी तो फोटोत त्याच जागी राहतो. वहिनींचा स्टँड स्वस्तातला; दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण आपोआप सरकली होती — त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. आणि ठिपका? तो दीर्घिकेबरोबर सरकला होता. म्हणजे तो आकाशातला होता. जुने फोटो काढून पाहिले, त्या जागी काही नव्हतं. एखादा लघुग्रह असेल म्हणून तपासलं, तोही नव्हता. अतिनवतारा. फुटलेला तारा — आणि तोपर्यंत जगात कुणीही तो कळवलेला नव्हता.

मी आयुष्यभर शोधत होतो. मला काही सापडलं नव्हतं. याला हेवा म्हणायचं? हेवा फार सभ्य शब्द झाला.

दुपारी ग्रुपमधल्या एकाच्या घरी सगळे जेवायला जमले होते. मी सर्वांदेखत म्हणालो, “वहिनी, भाडेकरू कसला! कॅमेऱ्याला फोड आलाय तुमच्या.”

अजय खो खो हसला. “बघा सर, नवा कॅमेरा हवाय म्हणून हिला तारे दिसायला लागलेत!”

“पण सर, दुसऱ्या फोटोतही दिसतोय...”

“दुसऱ्या फोटोलाही कॅमेरा तोच होता ना?”

हशा पिकला. ‘काय बोलले सर!’ वहिनींचा चेहरा लाल झाला. असला कचरा पुसून टाका, असंही मी सांगितलं. त्यांनी पुसला. घरी येऊन मीही पुसला.

थोड्याच दिवसांत बातमी आली. परदेशातल्या एका स्वयंचलित दुर्बिणीला त्याच दीर्घिकेत अतिनवतारा सापडला होता. वहिनींनी फोन करून विचारलं, हा माझाच ठिपका का? मी म्हणालो, “योगायोग हो. तुमचा ठिपका बराच बाजूला होता, मी मोजला होता.” मोजला होता! त्यांनी माझे आभार मानले. पुढच्या महिन्यात मी त्याच ताऱ्यावर व्याख्यान ठोकलं. पहिल्या रांगेत त्या बसल्या होत्या. नंतर त्यांनी दुर्बीण विकून टाकली.

आता मी निवृत्त आहे. रियाधला मुलाकडे व्हिजिट व्हिसावर येतो, आश्रितासारखा राहतो. परवा धूमकेतू बघायला सगळे पुन्हा शहराबाहेर जमलो. सूर्य नुकताच बुडाला होता. मी त्या लालसर उजेडात हात उंचावून जागा दाखवत होतो, आणि सर्वांच्या आधी वहिनींनाच तो दिसला — नुसत्या डोळ्यांनी.

“तो बघा, शेपटी वर आहे त्याची,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. “पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका हं, सरांना विचारा. मी कॅमेऱ्यातल्या फोडाला तारा म्हणणारी बाई!”

सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, “हो, बरोबर आहे,” — आणि लोकांनी धूमकेतूकडे बघायला सुरुवात केली.

तो फोड नव्हता. तो अतिनवतारा होता, तो सर्वांत आधी वैशाली वहिनींनी पाहिला होता, आणि मला त्याच सकाळी ते कळलं होतं.